‘सानुग्रह’ ह्या शब्दाविरुद्ध

सरकारी कागदांत वावरणाऱ्या एका शब्दाविषयी आमची तक्रार आहे. मराठी कागदांत तो ‘सानुग्रह अनुदान’ असा येतो. नोकरीच्या निमित्ताने आम्ही ज्या प्रांतांत येऊन पडलो आहोत तेथील हिंदी कागदांत ‘अनुग्रह राशि’ असा येतो. बांधकाम चालू असलेला पूल कोसळतो, कारखान्यात बॉयलर फुटतो, गटारात उतरलेली दोन माणसे वर येत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मृतांच्या वारसांना अमुक लाखांचा अनुग्रह जाहीर होतो. पुढे धनादेश देतानाचे छायाचित्र येते. त्यात देणाऱ्याचा चेहरा प्रसन्न असतो, आणि घेणारी बाई खाली पाहत असते.

अनुग्रह देवाने करावा, गुरूने करावा. ज्याच्या कामावर माणूस मेला किंवा लुळा झाला, त्याने अनुग्रह कसला करावयाचा? तो देणेकरी आहे. देणेकऱ्याने दारी येऊन पैसे मोजले तर आपण त्याचे आभार मानीत नाही, पावती देतो. कामावर जखमी झालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र पावतीऐवजी कृतज्ञता मागण्याची रीत पडली आहे, आणि ती रीत पाडण्यात आम्हां लेखणीवाल्यांचा हातभार मंत्र्यांपेक्षा कमी नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

देणे आहे असे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ह्या नव्या संहितेच्या सातव्या प्रकरणाने घेतली आहे. नावे बदलली, कलमांचे क्रमांक बदलले, आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला. पण मूळ सूत्र शंभर वर्षांत बदललेले नाही. कामामुळे आणि काम करीत असताना अपघात होऊन इजा झाली, की मालकाने भरपाई दिली पाहिजे. मालकाचा दोष होता की नव्हता हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. सावकाराचे कर्ज जसे दोषावर अवलंबून नसते, तसेच हे.

आणि हे देणे केव्हा उत्पन्न होते? कार्यालयांत समज असा, की आयुक्ताचा निकाल लागला म्हणजे मग रक्कम देय होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीसच हा समज मोडून काढला. ओरिसातील एका चित्रपटगृहाच्या नक्षीकामावर असलेला सुतार १९६८ च्या जुलैत काम करता करता पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. उजवा हात शाबूत आहे, तेव्हा अपंगत्व अंशतःच धरावे, असा मालकाचा युक्तिवाद. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे सांगावयास चार न्यायमूर्तींचे पीठ बसावे लागले! त्याच निवाड्यात न्यायालयाने हेही सांगितले की भरपाईचे दायित्व अपघात झाला त्या क्षणी जन्मास येते. निकालाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्याचा अधिकार मालकाला नाही. महिनाभरात रक्कम न दिल्यास बारा टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद ह्याच तत्त्वातून आलेली आहे.

ह्या मासिकाच्या वाचकांना ह्या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कविता आणि ललितनिबंध ह्यांच्या शेजारी कामगारांच्या तुटलेल्या बोटांचा हिशेब कशाला? त्यावर आमचे पहिले उत्तर असे, की हा हिशेब मांडण्याची सुरुवात मराठी माणसांनीच केली. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी जे निवेदन सिद्ध केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी मागणारे निवेदन म्हणून ते आज आपणांस ठाऊक आहे. रविवारी दुपारी निवांत झोप काढणाऱ्या आम्हां नोकरदारांनी तेवढेच लक्षात ठेवावे, हे स्वाभाविकही आहे. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला तो ह्याच १८८४ साली. इंग्लंडात कामगार भरपाईचा कायदा झाला १८९७ साली, म्हणजे लोखंडे वारले त्या वर्षी. हिंदुस्थानात तो यावयास १९२३ साल उजाडले. ‘दीनबंधू’च्या संपादकाने मुंबईच्या गिरणगावात उभे राहून जे मागितले, ते बर्लिनच्या मागे नव्हते आणि लंडनच्या तेरा वर्षे पुढे होते. पुढे कायदेमंडळात कामगारांचा आवाज म्हणून बसले ते ना. म. जोशी, १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळले ते डॉ. आंबेडकर, आणि औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली लिहिला तो प्रा. अडारकरांनी. त्या अहवालातून उभी राहिलेली कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ च्या फेब्रुवारीत आरंभ पावली, तीही कानपूर आणि दिल्ली येथे. आपली माणसे परप्रांतात जाऊन केवळ गणेशोत्सव साजरे करून राहिली नाहीत.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. ह्या पानांचे बहुसंख्य वाचक आमच्यासारखेच केंद्रीय कार्यालयांत, रेल्वेत, टपालखात्यात, बांधकाम विभागांत, हिशेबतपासणीत बसलेले आहेत. निविदेच्या अटी आपण लिहितो. ठेकेदाराचे देयक आपल्या टेबलावरून जाते. मस्टरची पाने आपण उलटतो, किंवा उलटल्याची खूण करतो. अपघाताचा कागद आला की त्यावर पहिली टिपणी आपलीच पडते, आणि ज्यांनी नस्ती हाताळली आहे त्यांना हे सांगावयास नको की पहिली टिपणी जी दिशा देते तीच शेवटच्या सहीपर्यंत टिकते.

आमच्या माहितीतील एक प्रकरण सांगतो. गाव आणि खाते सांगण्याचे प्रयोजन नाही. कार्यालयाच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची दुरुस्ती चालली होती. बुंदेलखंडातून आलेला एक सत्तावीस वर्षांचा मजूर बांबूच्या परांचीवर उभा होता. दोर सुटला, आणि तो दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आला. जीव वाचला, पाठीचा कणा मोडला, कमरेखालचे अंग गेले. तिसऱ्या दिवशी नस्तीवर जी टिपणी चढली तिचा आशय असा: सदर इसम विभागाचा कर्मचारी नाही, तो ठेकेदाराचा मजूर आहे, सबब विभागाचा संबंध येत नाही, अवलोकनार्थ सादर. खाली सात सह्या. सातांपैकी एकानेही पाठपृष्ठावर एक शब्द वाढविला नाही. ठेकेदाराने वीस हजार रुपये, गावाकडे जाणाऱ्या गाडीची तिकिटे आणि स्टँप कागदावर आंगठा असा व्यवहार पुरा केला. मस्टरमध्ये त्या मजुराचे नाव नव्हते. जे नाव होते त्या नावाचा माणूस कोणी पाहिला नव्हता. मार्चअखेर अंतिम देयक मंजूर झाले.

त्याच वर्षी त्याच इमारतीच्या जिन्यावरून एक कनिष्ठ लिपिक सरकारी कागदांचा गठ्ठा नेताना घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्याला काय मिळाले? सातव्या वेतन आयोगानंतर ज्या रजेला ‘कामाशी संबंधित आजार व दुखापत रजा’ असे लांबलचक नाव मिळाले आहे ती रजा: रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण वेतन व भत्ते, त्यानंतर सहा महिने पुन्हा पूर्ण वेतन, आणि तरीही बरा न झाल्यास पुढे बारा महिने अर्धे. दुखापत कायमची ठरली असती तर असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम होते. हे त्याला मिळाले ह्यात आम्हांस आनंदच आहे. तो आमच्यापैकी आहे, आणि उद्या आम्हीही घसरू. पण एकाच इमारतीत दोन माणसे पडली, एक जिन्यावरून आणि एक गच्चीवरून. एकाच्या पडण्याशी विभागाचा संबंध आला, दुसऱ्याच्या पडण्याशी आला नाही. पाणी मात्र दोघांनाही त्याच टाकीचे.

‘संबंध येत नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या नस्तींवर वाचले आहे की ते कायद्यातीलच असावे असे नवख्याला वाटेल. कायद्यात आहे ते नेमके उलट. १९२३ च्या कायद्याचे बारावे कलम सांगे, की आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ज्याने ठेकेदाराकडून करून घेतले तो मूळ मालकच जखमी मजुराला भरपाई देण्यास बांधलेला आहे, जणू तो मजूर त्याने स्वतःच नेमला होता. अपघात त्याच्या ताब्यातील जागेत किंवा तिच्या आसपास झालेला असला म्हणजे पुरे. भरपाई दिल्यावर ती ठेकेदाराकडून वसूल करण्याची मुभा मूळ मालकाला होतीच. नव्या संहितेनेही हे दायित्व कायम ठेवले आहे. ह्यातील शहाणपण पाहा. ठेकेदार आज आहे, उद्या नाही. त्याचा पत्ता म्हणजे एक गाळा आणि एक दूरध्वनी क्रमांक. जखमी माणसाने त्याच्यामागे धावावे, की ज्याच्याकडे त्याची अनामत रक्कम आणि सुरक्षा ठेव पडून आहे त्याने? कायद्याने धावण्याचे काम धावू शकणाऱ्यावर टाकले. आम्ही ते मोडक्या कण्याच्या माणसावर टाकतो.

येथे हुशार अधिकारी म्हणतो: सरकार म्हणजे काही धंदा नव्हे, मग ‘धंद्याचे काम’ कोठून आले? ही हुशारी शंभर वर्षांपूर्वीच ओळखून ठेवलेली होती. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट लिहिले होते, की स्थानिक संस्थेची किंवा सरकारी विभागाची कर्तव्ये व अधिकार बजावणे हाच, ह्या कायद्यापुरता, तिचा वा त्याचा धंदा मानावा. इमारतींची निगा राखणे हे ज्या विभागाचे कर्तव्य आहे त्याने टाकीच्या दुरुस्तीशी आपला संबंध नाही असे लिहावे, हे गवळ्याने दुधाशी आपला संबंध नाही असे म्हणण्यासारखे झाले. ‘नेहमीचे काम’ कशाला म्हणावे ह्यावर वाद होऊ शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. वकिलांची पोटे त्यावर चालतात. पण ज्याला वाद करावयाचा आहे त्याने तो प्राधिकाऱ्यापुढे उभे राहून करावा. तिसऱ्या दिवशी टिपणीत आपणच न्यायाधीश होऊन आपल्याच बाजूने निकाल देण्याचा अधिकार कोणत्या नियमावलीत आहे?

आता त्या स्टँप कागदाविषयी. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार तेवढ्यापुरता शून्यवत आहे, असे कायद्याचे सतरावे कलम सांगे. प्राधिकाऱ्याकडे न नोंदविलेल्या तडजोडीला भरपाईचा दर्जा नाही. आणि मृत्यूच्या प्रकरणी तर मालकाने विधवेच्या हातावर परस्पर पैसे ठेवले तर ती भरपाई दिल्याचे धरलेच जात नाही. रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा व्हावयास हवी, फार तर तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल आधी देता येते. हा नियम कोणी केला असेल त्याला गावच्या पाटीलवाड्याचा अनुभव असला पाहिजे. नवरा गेल्याच्या तेराव्या दिवशी ज्या बाईपुढे दीर, मुकादम आणि ठेकेदार असे तिघे कागद घेऊन बसतात, तिचा आंगठा तिचा नसतो. कायद्याला हे कळते, आणि पदवीधर अधिकारी मात्र त्या आंगठ्याची छायाप्रत नस्तीस जोडून ‘प्रकरण मिटले’ असे लिहितो.

हाताला किती किंमत द्यावी, ह्याविषयी चार शब्द. कारकून असल्यामुळे आकड्यांत आमचा जीव रमतो, वाचकांनी तेवढे सोसावे. सूत्र असे: कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाचे साठ टक्के, मृत्यू झाल्यास पन्नास टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. तिसाव्या वर्षीचा गुणक २०७.९८. पण ‘मासिक वेतन’ म्हणजे प्रत्यक्ष वेतन नव्हे. त्यावर सरकारने कमाल मर्यादा घातलेली असते. २००० च्या डिसेंबरात ती ४,००० रुपये झाली. ३१ मे २०१० ला ८,००० झाली. त्यानंतर ३ जानेवारी २०२० ला १५,००० झाली. मध्यंतरी कोणाला आठवण राहिली नाही. महिना पंधरा हजार मिळविणारा तीस वर्षांचा माणूस २ जानेवारी २०२० ला जन्माचा पंगू झाला असता, तर त्याची भरपाई ९,९८,३०४ रुपये. तोच ३ तारखेला झाला असता तर १८,७१,८२०. अपघाताच्या दिवशीचाच आकडा लागू होतो, म्हणून एका रात्रीत ८,७३,५१६ रुपयांचा फरक. त्या रात्री त्याच्या हातापायांत कोणते मोल भरले होते?

आम्हां नोकरदारांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा वाढतो. घोषणा दोन आठवडे लांबली तर कार्यालयात काम सुचत नाही. डाळ महागते, हे गृहीत धरून आमचे वेतन चालते. मजुराचा हात मात्र दहा वर्षे त्याच भावाने पडून राहतो. भत्त्याचा तक्ता ज्या खात्यांना वर्षातून दोनदा सुधारता येतो, त्यांना ही मर्यादा त्याच निर्देशांकाशी बांधता येणार नाही, असे कोण म्हणेल? आणि सूत्र अपुरे आहे हे आम्हीच म्हणतो असे नव्हे. गटारात गुदमरून मेलेल्यांच्या वारसांना किमान दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तोच आकडा तीस लाखांवर नेला. वरच्या सूत्राने पंधरा हजार वेतनाच्या, तीस वर्षांच्या माणसाच्या मृत्यूची किंमत येते १५,५९,८५०. न्यायालयाने ती दुपटीच्या घरात नेली.

परिशिष्टातील बोटांचे भाव तर बाजारात लावल्यासारखे आहेत. आंगठा तीस टक्के, तर्जनी चौदा, मधले बोट बारा, करंगळी सात. आमच्या उजव्या हाताची तर्जनी गेली तर आम्ही लेखणी दुसऱ्या बोटांत धरू. शिंप्याची गेली तर त्याचे दुकान गेले. सुताराच्या प्रकरणी न्यायालयाने माणसाचा धंदा पाहिला, केवळ तक्ता पाहिला नाही. हे ज्यांनी लक्षात ठेवावयाचे ते वैद्यकीय अधिकारी आजही तक्त्यावर बोट ठेवून टक्केवारी लिहितात, आणि त्यांच्या बोटाला कोणी टक्के लावीत नाही.

एवढे करूनही रक्कम हाती केव्हा पडते? अर्ज तीन महिन्यांत निकालात काढावा, असे २००९ च्या दुरुस्तीने सांगितले. त्याच्या शेजारी हे प्रकरण ठेवा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि वाटेतच अपघातात वारला. मागे पत्नी, चार मुले, म्हातारी आई. आयुक्तांनी २००९ साली ३,२६,१४० रुपये मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने ते रद्द केले: अपघात रस्त्यावर झाला, कारखान्यात नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला तो २९ जुलै २०२५ रोजी. बावीस वर्षे! कामाची वेळ, जागा आणि परिस्थिती ह्यांच्याशी ज्या प्रवासाचा धागा जुळतो त्यातील अपघात हा कामावरचाच अपघात, असे न्यायालय म्हणाले. रात्री दोन-अडीचला माणूस घर सोडतो तो हवा खाण्यासाठी नव्हे, हे समजण्यास दोन तपे लागली. त्या मुलांपैकी जे सर्वांत धाकटे असेल त्याचे शिक्षण, त्याची पुस्तके, त्याचे आजार, सगळे त्या बावीस वर्षांत येऊन गेले. व्याज मिळेल, पण सरत्या वर्षांची भूक व्याजाने भागत नाही.

आणि तत्त्व काही नवे नव्हते. मुंबईच्या बेस्टचा एक बसचालक १९५७ च्या जुलैत काम आटोपून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी चालला असता अपघातात मेला. ती बस त्याच्या नोकरीचाच भाग आहे असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली त्याच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला. बसऐवजी स्वतःची मोटारसायकल आली एवढ्यावर पुढच्या विधवेला सहा दशकांनंतर पुन्हा तोच डोंगर चढावा लागला. सुदैवाने नव्या संहितेत घर ते कामाची जागा ह्या वाटेचा उल्लेख आता स्पष्टच आला आहे. तेव्हा ह्यापुढे नस्तीवर ‘अपघात आवाराबाहेर झाला’ एवढेच लिहून थांबता येणार नाही.

मजूर स्वतःच निष्काळजी असतात, ही आमच्या वर्गाची आवडती तक्रार. असतात. दहा तास उन्हात उभे राहणारा माणूस नवव्या तासाला निष्काळजी होतो. आम्ही तर दुपारी जेवणानंतरच होतो. कायद्याने हे जाणून निष्काळजीपणा हा बचाव ठेवलाच नाही. नशा, हेतुपुरस्सर आज्ञाभंग, सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे एवढेच बचाव ठेवले. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण पंगू झाला तर तेही चालत नाहीत. खोटे दावे होतात, असेही ऐकतो. खोटी प्रवासदेयकेही होतात. त्यामुळे प्रवासभत्ता कोणी बंद केलेला आम्ही पाहिला नाही.

अपघाताला निदान तारीख असते. आजाराला ती नसते. आपण लहानपणी पाटीवर ‘श्री’ गिरवला त्या पेन्सिली मध्यप्रदेशात मंदसोर भागात कापल्या जात, आणि त्या कापणाऱ्यांच्या फुप्फुसांत जी धूळ साचली तिने तरणी माणसे गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने हे तपासून लिहून ठेवले आहे. धंद्यातून होणारा असा रोग म्हणजे अपघातच, असे कायदा मानतो. पण दहा मालकांकडे दहा वर्षे काम केलेल्या माणसाने कोणत्या मालकाची धूळ आपल्या छातीत आहे हे कोणत्या कागदाने दाखवावे? ह्या विषयाला स्वतंत्र लेख हवा. इंदूर-उज्जैनकडच्या वाचकांपैकी कोणी तो लिहील तर बरे.

एक गंमत सांगून पुढे जातो. जुन्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कारकुनी कामाचा अपवाद होता. कारकुनाला कसला आला अपघात, अशी १९२३ सालची समजूत. २००९ च्या दुरुस्तीने तो अपवाद वगळला. आज खाजगी कार्यालयातील कारकून आणि गच्चीवरचा मजूर एकाच छत्राखाली आहेत, आणि आमच्या सरकारी कार्यालयांतही कंत्राटावर घेतलेली संगणकचालक मुले-मुली नेमकी त्याच छत्राखाली येतात. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या त्या मुलीला आमची रजा नाही, आमचे निवृत्तिवेतन नाही. जिन्यावरून ती घसरली तर ‘विभागाचा संबंध येत नाही’ हे वाक्य तिच्यासाठी तयार आहे.

परप्रांतात बसलेल्या मराठी अधिकाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असावी. भरपाईचा अर्ज अपघात झाला तेथेच करावा लागतो असे नाही. अर्जदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. ही सोय १९९५ पासून आहे. बीडकडील ऊसतोडणीची जोडपी कर्नाटकात-गुजरातेत जातात, बिहारची पोरे पुण्याच्या इमारतींवर चढतात. गावी परतलेल्या विधवेला वकिलासाठी पुन्हा परक्या शहरात यावे लागू नये म्हणून ती सोय केली. तिला हे सांगणार कोण? ठेकेदार सांगणार नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ज्याला मुदत ठाऊक नसते त्याची दोन वर्षे फार लवकर संपतात.

आमचे एक स्नेही उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी लेखाशाखेत आहेत. हुद्दा मोठा नाही. ठेकेदाराचे अंतिम देयक त्यांच्यापुढे आले म्हणजे ते एकच ओळ लिहून परत पाठवितात: कामाच्या काळात अपघात झाला असल्यास भरपाई जमा केल्याची प्राधिकाऱ्याची पावती जोडावी, झाला नसल्यास तसे ठेकेदाराने सहीनिशी लिहून द्यावे. नियमात अशी ओळ लिहिण्यास मनाई नाही, आणि सुरक्षा ठेव तोवर सुटत नाही. पहिल्या वर्षी ठेकेदार वरिष्ठांकडे तक्रारी घेऊन गेले. वरिष्ठांना त्या ओळीत खोडण्याजोगे काही सापडले नाही, किंवा सापडले तरी खोडलेल्या ओळीखाली सही करण्याची तयारी नव्हती. गेल्या पावसाळ्यात खंदक खणताना दरड कोसळून एक मजूर तेथे दगावला. अकराव्या दिवशी पावती आली. रकमेचा आकडा बरोबर आहे ना, हे आमच्या स्नेह्यांनी गुणक काढून दोनदा तपासले. वय एक वर्षाने जास्त धरले होते. पावती परत गेली, आणि वाढीव रक्कम चौथ्या दिवशी जमा झाली.